प्लाझ्मा दिला तेव्हा: ओठांच्या मुंग्या आणि हातावरचा काळा डाग

सप्टेंबर २०२०. पुण्यात तेव्हा व्हॉट्सॲपवर दिवसाला दहा मेसेज यायचे, ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे, अर्जंट’. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. कोविड होऊन गेलेल्याच्या प्लाझ्मात त्या विषाणूशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडीज असतात, त्या पेशंटला उपयोगी पडतील अशी तेव्हा आशा होती. मला जुलैमध्ये कोविड होऊन गेला होता. ऑफिसमधल्या मित्राचे वडील आयसीयूत होते आणि आमचा रक्तगट एकच. मित्राचा फोन आला, मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. आईचं सुरूच झालं, “आत्ता कुठं उठून बसलायस, अंगात राहिलंय काय तुझ्या?”

खरं तर बायकोचीही प्लाझ्मा द्यायची इच्छा होती. तिलाही माझ्याबरोबरच कोविड होऊन गेला होता. पण रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी फोनवरच पहिला प्रश्न विचारला, “मूल आहे का?” गरोदरपणात काही बायकांच्या रक्तात अशा अँटीबॉडीज तयार होतात, की तो प्लाझ्मा पेशंटच्या फुप्फुसांना घातक ठरू शकतो. म्हणून बाळंतपण झालेल्या बाईचा प्लाझ्मा तेव्हा घेत नव्हते. तिला फार वाईट वाटलं. दोन दिवस ती तेच बोलत होती.

माझ्या तपासण्या झाल्या. लक्षणं जाऊन २८ दिवस झालेत ना, वजन ५० किलोच्या वर आहे ना, हिमोग्लोबिन साडेबारापेक्षा कमी नाही ना. शिवाय एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया. दोन्ही हातांच्या शिरा दाबून दाबून पाहिल्या, कारण सुई जाड असते. सुई, नळ्या, पिशवी असं सगळं किट माझ्यासमोर फोडलं आणि नंतर ते फेकूनच देतात. दुसऱ्याचं काही आपल्याला लागेल, ही माझी मोठी भीती तिथंच गेली.

मशीन रक्त ओढून घेतं, आत गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा काढतं आणि लाल पेशी त्याच सुईनं परत देतं. ओढताना दंडावरचा पट्टा आवळतो, परत देताना सैल होतो. परत येणारं रक्त गार असतं, ते कोपरापासून वर चढताना नीट कळतं. पिशवीत हळूहळू पिवळं पाणी साठत होतं, अगदी पुरणाच्या डाळीचा कट काढावा तसं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

रक्त ओढायच्या आणि परत द्यायच्या तिसऱ्या फेरीला ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटांच्या टोकांना. मला वाटलं, सांगितलं तर मशीन बंद करतील, पिशवी अर्धीच राहील आणि तिकडे मित्राचे वडील. म्हणून दात दाबून गप्प बसलो. हनुवटी बधिर झाली, हाताची बोटं आखडायला लागली, तेव्हा टेक्निशियन ताईंचंच लक्ष गेलं. त्यांनी मशीनचा वेग कमी केला, कॅल्शियमच्या दोन गोळ्या चघळायला दिल्या आणि जरा रागावूनच म्हणाल्या, “दादा, हे सांगायचं असतं. सांगितलं की लगेच थांबतं.” नळीत रक्त गोठू नये म्हणून मशीन त्यात सायट्रेट मिसळतं. लाल पेशींबरोबर ते थोडं आपल्या अंगात येतं आणि रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्याच्या या मुंग्या. शरीर सायट्रेट लवकर निपटून टाकतं. पण दुर्लक्ष करून तसंच चालू ठेवलं तर स्नायू आखडतात आणि क्वचित हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. हे मला आधी कुणी नीट समजावलं असतं तर मी गप्प बसलोच नसतो. आता मी ज्याला त्याला हेच पहिलं सांगतो.

पाच-सात मिनिटांत मुंग्या गेल्या, पिशवीही पूर्ण झाली. सगळं मिळून तासाभराचं काम. चक्कर आली नाही. सरबत, बिस्किटं खाऊन पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, तेवढं बसलो.

संध्याकाळी मात्र मी चूक केली. पाण्याचा वीस लिटरचा जार त्याच हातानं उचलला. सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा काळानिळा डाग! आई घाबरली. रक्तपेढीत फोन केला, त्यांनी पहिल्या दिवशी बर्फानं शेकायला आणि त्या हातानं जड न उचलायला सांगितलं. डाग हिरवा झाला, पिवळा झाला, दहा-बारा दिवसांत गेला. दुसऱ्या दिवशी थोडा थकवा होता, तो भरपूर पाणी पिऊन गेला. लाल पेशी परत मिळालेल्या असतात, त्यामुळे आईला वाटत होता तसा अशक्तपणा आला नाही.

मित्राचे वडील तीन आठवड्यांनी घरी आले. ते माझ्या पिशवीमुळे आले असं मी म्हणणार नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटवर केलेल्या चाचणीत प्लाझ्मानं मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत आणि मे २०२१ मध्ये कोविडच्या उपचारांतून तो काढून टाकला. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढे लोक रात्री-अपरात्री दात्यांच्या शोधात फिरले होते.

पण त्या खुर्चीची भीती गेली ती गेलीच. आता मी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी देतो. मशीन तसंच, सायट्रेटही तेच. मागच्या वेळी कॅन्सरच्या एका पेशंटसाठी गेलो होतो. दुसऱ्या फेरीला खालचा ओठ जरासा झिणझिणला आणि मी लगेच म्हटलं, “ताई, मुंग्या.” त्यांनी बटण दाबून वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी माझ्या मोकळ्या हातावर ठेवली.