भिंतीवरचा मार्च

परवा दुपारी कॅन्टीनमध्ये ताकाचा ग्लास घेऊन बसलो होतो. जळगावची एप्रिलमधली दुपार. कूलर आवाज तेवढा करतो. समोरच्या भिंतीवर 'या महिन्याचा मानकरी' अशी पाटी आहे, तिच्याखाली फ्रेम आणि फ्रेममध्ये आमच्या लूमवरचा एक पोरगा, केस चापूनचोपून बसवलेला, श्वास रोखलेला. खाली लिहिलंय, मार्च. मार्च खरा, पण मागच्या वर्षाचा. पोरगा तर दिवाळीच्या आधीच रस्त्यापलीकडच्या कंपनीत गेला.

फोटो बदलायचं काम माझं. आम्ही प्लॅस्टिकच्या चटया विणतो, म्हणजे लूम विणतात आणि मी हजेरी बघतो. माझ्या दारावर हल्ली 'एचआर' लिहिलंय. कामगार अजून टाइम ऑफिसच म्हणतात.

ही फ्रेम धाकट्या मालकांनी आणली. पुण्याहून कसलंसं ट्रेनिंग करून आले होते. कामगारांचं मन कामात गुंतलं पाहिजे, त्यासाठी चार लोकांत कौतुक झालं पाहिजे. म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पहिल्या महिन्यात खरंच चांगल्या ऑपरेटरला निवडलं. टाळ्या, पेढे, फोटो. दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या शिफ्टवाल्यांनी विचारलं, आम्ही काय झोपा काढतो? तिसरा महिना त्यांना दिला. चौथ्यापासून सरळ पाळ्या लागल्या, रेशनच्या दुकानासारख्या. एक जण तर गेटवर भेटून म्हणाला, "साहेब, माझा नंबर जूनमध्ये घ्या ना. मेमध्ये लग्नाला गावी जायचंय."

मला स्वतःला एकदाच प्रशस्तिपत्रक मिळालं, आधीच्या नोकरीत. 'उत्कृष्ट सेवेबद्दल सौ.' आणि पुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बिनचूक. स्टेजवर मी ते छातीशी उलटं धरून उभा राहिलो. बायकोनं घरी ते हौसेनं फ्रेम करून लावलं. पाहुणे आले की तिला म्हणतात, वा वहिनी! तेव्हापासून मला खोड लागली आहे. कुणाच्या घरी प्रशस्तिपत्रक दिसलं की मी आधी नाव तपासतो. सह्या तपासायची गरज नसते, त्या छापलेल्याच असतात.

मध्यंतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं. १९७३ सालचा, अमेरिकेतला. लेप्पर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली, आपखुशीनं चित्रं काढणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली. तर ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांचा चित्रांवरचा वेळ बाकीच्यांच्या निम्म्यावर आला होता. अचानक मिळालेल्यांना मात्र काही झालं नव्हतं. धाकट्या मालकांना हे सांगावं असं मनात आलं होतं. पण चटईचा लूम आपखुशीनं कोण चालवतो? बारा तास कानात खडखडाट घ्यायला माणूस पगारासाठीच येतो. तो प्रयोग मी तिथेच मिटवून ठेवला.

पैशाला तर इकडे कुणी कौतुक म्हणतच नाही. बोनस म्हणजे हक्क. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ बाराला एक, आणि जास्तीत जास्त २० टक्के. लूमवरच्या माणसाला दशांशचिन्हासकट पाठ आहे. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्याकडे दसऱ्याच्या तोंडावर बोनसचे 'दिवस' मोजायचे. ७८ दिवसांचा जाहीर झाला की कापडबाजारातल्या दुकानदारांनाही आपलाच पगार वाढल्यासारखं वाटायचं. मामांना रेल्वे सप्ताहात एकदा बक्षीसही मिळालं होतं. पहिली गाडी १८५३च्या १६ एप्रिलला धावली, त्या आठवणीचा तो सप्ताह. बक्षिसाचं पाकीट मामींनी घेतलं, मेडल मामांनी ठेवलं, आणि मामांनी आयुष्यभर गोष्ट सांगितली ती तिसरीच: एकदा रात्री पावसात एका ड्रायव्हरनं इंजिनातून खाली उतरून त्यांच्याकडून बिडी मागितली आणि म्हणाला, तू ड्युटीला आहेस म्हणून आज काळजी नाही.

आमच्या घरी, अमळनेरच्या बाजूला, लहानपणी एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. आजोबासुद्धा, आणि आजोबा त्यांच्याहून मोठे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं आणि आखाजीलाच नवं लागायचं. त्या दिवशी निंबाच्या झाडांना झोके टांगलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत आभाळात पाय मारताहेत, पारावर पत्त्यांचे डाव रंगलेत, घराघरांतून पुरणाचा वास. आणि आमच्या ओट्यावर दोन माणसं गप्प बसलेली. बोलणं झालंच तर पावसाचं, कपाशीच्या भावाचं, डाव्या बैलाच्या खुराचं. पैशाचा शब्द नाही. ज्वारी किती, कपडे किती, हे आजीनं आतून कधीच ठरवलेलं असायचं. शेवटी नाना उठायला लागले की आजोबा आमच्या अहिराणीत, 'आहे ना' अशा अर्थानं, विचारायचे,

"मंग, शे ना?"

"शे."

झालं, वर्ष ठरलं.

आजोबांनी नानांचं तोंडावर कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांची रीत वेगळी होती. पेरणीच्या दिवसांत नाना पाभर, म्हणजे पेरायचं औजार, चालवत असताना बांधावरून कुणी चाललं की त्याला हाक मारून थांबवायचे आणि नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "पाभर धरावी ती नानांनीच. तास बघा, दोरी लावल्यासारखा." नाना मागे वळून बघायचे नाहीत. नुसतं डोक्याचं उपरणं सोडून पुन्हा बांधायचे. मी बांधावर बसून त्याचीच वाट बघायचो, आता सोडतील, आता बांधतील.

पोळ्याला तर बैलांचाच मान. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: वर्षभर जू वागवून निबर झालेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, गरम पाण्यानं शेकायचं. ते नाना दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. सकाळी नवं धोतर नेसून, बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, अशी वरात मारुतीपर्यंत. बैल पुढे, नाना बाजूला. फोटो मात्र एकही नाही.

हे सगळं आठवत ताक संपलं आणि मला वाटलं, करून तर बघू. सहा नंबरच्या लूमवर एक मुलगी आली आहे नव्यानं, धागा तुटला तर मशीन थांबायच्या आत तिचा हात पोचलेला असतो. तिच्या मागे सुपरवायझर उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि आजोबांच्या आवाजात म्हणालो, "सहा नंबर बघा. काम असावं तर असं!" सुपरवायझर कानाला हात लावून ओरडला, "काय?" मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, "सहा नंबर बंद करू?"

मुलीनं वळून पाहिलं. तिला वाटलं, काहीतरी चुकलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो मार्चवाला पोरगा भेटला. तिकडे महिन्याला सातशे जास्त मिळतात म्हणाला. मी म्हटलं, तुझा फोटो काढायचा राहिलाय भिंतीवरून, उद्या काढतो. तर म्हणाला, "असू द्या ना सर. चांगला आलाय." मग फोटो राहिलाच.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनी ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केली. आखाजीला नाना नेहमीसारखे आले, ओट्यावर बसले. चहा झाला. वडिलांनी पावसाचं काढलं, भावाचं काढलं. बैल विकल्यामुळे खुराचं बोलायला नव्हतं. मी दारात उभा होतो, बारा-तेरा वर्षांचा. विचारायचं काय ते मला पाठ होतं. नाना उठले, पाभर गोठ्यात आढ्याला टांगून ठेवली आहे एवढं सांगितलं, उपरणं सोडलं आणि हातातच धरून पायऱ्या उतरले.