नंबर जुळला, खडा जुळला नाही

मी पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये हिरे तपासते, सतरा वर्षं झाली आता. आमच्याकडे जास्त करून सराफच येतात, घरगुती गिऱ्हाईक तसं कमीच. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला दोन दिवस राहिले होते, सकाळपासून मान वर करायला वेळ नव्हता, आणि दुपारी अडीचला मायलेक आले. मुलगा तिशीच्या आतला, हिंजवडीत नोकरीला, आई साठीच्या पुढची, कानात हिऱ्याच्या जुन्या कुड्या. मुलगा दारातूनच म्हणाला, "ताई, पाच मिनिटांचं काम आहे हो, आईच्या समाधानासाठी आलोय फक्त."

त्याचा साखरपुडा ठरला होता आणि होणाऱ्या बायकोला सॉलिटेअरची अंगठी करायची होती. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली, सोबत एका नामांकित आंतरराष्ट्रीय लॅबचा रिपोर्ट. गोल ब्रिलियंट, वजन १.०१ कॅरेट, जी कलर (अक्षर जितकं पुढचं तितकी पिवळसर झाक जास्त), क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता व्हीएस टू, कट एक्सलंट. ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीतला कोणीतरी सुरतेहून डायरेक्ट माल आणतो, शोरूमचा खर्च नाही म्हणून स्वस्त पडतो, असं सांगून साडेतीन लाखाला सौदा ठरलेला. त्याने फिरून बघितलं होतं, दुकानांत तसाच खडा पाच-साडेपाच लाख सांगत होते. पन्नास हजार टोकन दिलं होतं आणि बाकीचे तीन लाख त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता द्यायचे होते, खडा तोवर विश्वासावर घरी दिला होता.

मुलगा बेसावध नव्हता हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण असं काही ऐकलं की लोक पटकन म्हणतात की बघून घ्यायला नको का. त्याने बघितलं होतं. रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघितला, सगळी माहिती तंतोतंत आली. ऑनलाइन मागवलेला पेनसारखा टेस्टर लावला, तो हिरा म्हणून वाजला. रंग, क्लॅरिटी, कट, वजन, सगळं व्हिडिओ बघून पाठ. त्याच्या आईचं एवढंच म्हणणं होतं की आपण वांगी घेतानासुद्धा देठ बघतो, मग साडेतीन लाखाची वस्तू एखाद्या जाणकाराला दाखवायला काय हरकत आहे.

मी खडा स्पिरिटने पुसला, चिमट्यात धरून आयग्लासखाली, म्हणजे सराफाच्या भिंगाखाली, बघितला. कडा एकेरी दिसत होत्या, म्हणजे मॉइसनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, नाही, त्यात मागच्या कडा दुहेरी दिसतात. मग मायक्रोस्कोपखाली घेतला. हिऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो ना, ती कंबर, तिला गर्डल म्हणतात, त्यावर बऱ्याचदा लेसरने रिपोर्टचा नंबर कोरलेला असतो, केसापेक्षा बारीक. नंबर सापडला. मुलाला वाकून बघायला सांगितलं, त्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि आई रिपोर्टवर बोट ठेवून जुळवत गेली. सगळे जुळले. त्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला, आणि खरं सांगते मलाही वाटलं की झालं काम.

पण ते आकडे मला जरा जाड वाटले. त्या लॅबचे आकडे रोज बघते मी, त्यांचा ७ वेगळा असतो, पायाशी बारीक होत जातो, हा सरळ दांडीसारखा होता. तेवढ्यावरून काही बोलता येत नाही, म्हणून मी खडा काट्यावर ठेवला. १.०३. काढला, काट्याचं झाकण पुसलं, परत ठेवला, १.०३. प्रमाण वजन ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघितलं आणि तिसऱ्यांदा ठेवला. १.०३.

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग, तर दोन सेंटचा फरक म्हणजे ४ मिलिग्रॅम, साखरेच्या दोनचार कणांएवढा. मुलगा म्हणाला, "ताई, उलट जास्तच मिळालाय की." मी काही बोलले नाही. हिरा धुतल्याने किंवा हाताळल्याने वाढत नाही, आणि असल्या लॅबच्या काट्यांत दोन सेंटची चूक होत नाही. मग माप घेतलं. रिपोर्टवर व्यास ६.४२ ते ६.४५ मिलिमीटर लिहिला होता, खडा ६.५१ ते ६.५४ भरला. शेवटी रिपोर्टवरचं चित्र बघितलं. मोठ्या खड्यांच्या रिपोर्टवर बऱ्याचदा खड्याचा नकाशा असतो, आतली खूण कुठे आहे ते लाल रेघेने दाखवलेलं असतं, आणि ते हिऱ्याच्या बोटाच्या ठशासारखं असतं, दोन खड्यांचं सारखं नसतं. चित्रात कडेजवळ एक पिसासारखी बारीक भेग दाखवली होती. मी खडा पूर्ण गोल फिरवला, एकदा नाही, चार वेळा. भेग नव्हती. त्याऐवजी मधोमध एक काळा ठिपका होता जो चित्रात कुठेच नव्हता.

रिपोर्ट खरा होता. नंबर खरा होता. फक्त तो रिपोर्ट ह्या खड्याचा नव्हता, दुसऱ्याच कुठल्यातरी नैसर्गिक हिऱ्याचा होता, आणि त्याच्या जवळपास मापाचा खडा शोधून त्यावर कोणीतरी तोच नंबर कोरला होता. वेबसाइटवर सगळं बरोबर दिसणारच, कारण वेबसाइट कागदाबद्दल सांगते, आपल्या हातातल्या पुडीत काय आहे ते तिला कुठून कळणार.

स्क्रीनिंग मशीनमध्ये खडा टाकला. निसर्गातल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, तो ठराविक प्रकारे अल्ट्राव्हायोलेट किरणं शोषतो, त्यावरून मशीन पास करतं, आणि तसं नसेल तर पुढच्या तपासणीला पाठवा असं दाखवतं. ह्याला पास मिळाला नाही. मशीन काही शेवटचा निकाल देत नाही, अगदी थोडे नैसर्गिक हिरेसुद्धा तिथे अडकतात, म्हणून मी त्यांना एवढंच म्हटलं की हा खडा ह्या कागदातला नाही हे मी लिहून देते, लॅबग्रोन, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला, आहे की नाही ते मुंबईला बीकेसीतल्या मोठ्या लॅबमध्ये पाठवून कळेल.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण टेस्टर वाजला होता ना?" वाजणारच. लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच असतो, तोच कार्बन, तेवढाच कडक, उष्णता तितकीच वाहून नेतो. टेस्टर काच, अमेरिकन डायमंड असे नकली खडे पकडतो, लॅबग्रोन नाही, साधे टेस्टर तर मॉइसनाइटलाही हिरा म्हणतात. लॅबग्रोन घेण्यात वाईट काही नाही, मी स्वतः माझ्या भाचीला घेऊन दिलाय, पण त्याच वजनाचा लॅबग्रोन नैसर्गिकच्या दहाव्या हिश्शालाही मिळतो हल्ली, आणि विकायला गेलं तर हातात जवळपास काही येत नाही. तो लॅबग्रोन म्हणून, त्याच्या भावाने, बिलावर तसं लिहून विकला तर कोणाची काही तक्रार नाही. दुसऱ्याचं नाव लावून विकणं ही चोरी आहे, आणि मुलाच्या साखरपुड्याला अशी चोरी करणाऱ्याची मला अजूनही चीड येते.

त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तो माणूस आधी म्हणाला मशीनचं काही खरं नसतं, मग म्हणाला पुडी चुकून बदलली असेल, संध्याकाळी दुसरा खडा घेऊन येतो. आईंनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "खडा नको, पैसे परत द्या." पक्कं बिल नव्हतंच, एक चिठ्ठी होती फक्त, पण टोकन ऑनलाइन पाठवलेलं होतं म्हणून निदान पुरावा होता.

मला खरं तर बाकीचा माल बघायचा होता पण ते दोघं तसेच उठून गेले असते तर मला झोप लागली नसती. मी चहा मागवला. आईंनी पहिलाच प्रश्न विचारला की बावीस कॅरेटचं सोनं असतं मग हिरा एकच कॅरेट कसा, आणि हा प्रश्न लाजून न विचारणारी कितीतरी माणसं मी बघितलीत. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन. हिऱ्याचा दागिना बहुतेक अठरा कॅरेट सोन्यात करतात, कोंदण घट्ट धरावं म्हणून, त्यावर ७५० चा शिक्का आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, बघायचा. आणि बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं मागायचं, खड्याचं वजन सोन्याच्या भावात लागायला नको.

मुलाला म्हटलं, तू जी कलर आणि व्हीएस टू पकडून बसलायस, पण नजरेला आधी कट दिसतो. नीट न कापलेला खडा खोल असला की प्रकाश बाजूने निघून जातो, मग कलर कितीही वरचा असू दे, खडा मेलेला दिसतो. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तर काहीही चमकतं, म्हणून खिडकीपाशी न्यायचा, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. माझ्याकडे एक नैसर्गिक एच कलरचा खडा होता तपासायला आलेला, मालकाची परवानगी असते अशी दाखवायची, मी पांढरा कागद मधून दुमडला, त्या घडीत खडा पालथा ठेवला आणि बाजूने बघायला लावलं. पालथा ठेवल्यावर किंचित पिवळसर झाक दिसली, सुलटा करून वरून बघितल्यावर गेली. आई म्हणाल्या, "मग पिवळ्या सोन्यात तर ही कोणाला दिसायचीच नाही." बरोब्बर. एवढ्यासाठी एफ, जीचे जास्तीचे पैसे कशाला. क्लॅरिटीचंही तसंच, नुसत्या डोळ्यांना खूण दिसत नसेल तर आयग्लासमधली खूण उलट चांगली, तीच आपल्या खड्याची ओळख, आज तिनेच वाचवलं.

आणि एक कॅरेटचा हट्ट. पूर्ण एक झाला की भाव प्रति कॅरेटच उडी मारतो, पण ०.९० चा गोल खडा साधारण ६.२ मिलिमीटरचा आणि एकचा ६.५, बोटावर हा फरक कोणी सांगू शकत नाही. त्याने हे फोनमध्ये लिहून घेतलं. मी फक्त एकच गोष्ट परत परत सांगितली, खडा सुट्टा असताना बघ, अंगठीत बसल्यावर वजन करता येत नाही, माप अर्धवट येतं आणि नंबर कधीकधी खडा धरणाऱ्या कोंदणाच्या नखाखाली झाकला जातो. पैसे द्यायच्या आधी समोर वजन कर, माप रिपोर्टशी जुळव, आणि बिलावर 'नैसर्गिक' हा शब्द आणि परत घेण्याची अट लिहून घे. चांगला सराफ ह्यातल्या कशालाच नाही म्हणत नाही.

आठ दिवसांनी बीकेसीहून उत्तर आलं, लॅबग्रोन, सीव्हीडी, म्हणजे वायूतून थर चढवत वाढवलेला. त्या कागदाच्या जोरावर त्याने पोलिसांत जाईन म्हटल्यावर टोकन तीन हप्त्यांत परत आलं, शेवटचे पाच हजार मात्र आलेच नाहीत.

जूनमध्ये मायलेक परत आले. ह्यावेळी ओळखीच्या सराफाकडचा ०.९१, एच, व्हीएस टू, सराफाचा माणूसच खडा घेऊन सोबत आला होता. वजन जुळलं, माप जुळलं, आणि नकाशातला छोटा स्फटिक आईंनी आयग्लासमधून स्वतः शोधून काढला, दोन मिनिटं लागली त्यांना, पण मी मदत करायला गेले तर थांबा म्हणाल्या.

मग त्यांनी हळूच कानातल्या कुड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की ह्या खड्यांना मधे भोकं आहेत, खोटे आहेत, सोन्याच्या भावात घेतो. आयग्लासमध्ये बघितलं तर ती भोकं नव्हती, जुन्या हातकटाईत खालचं टोक असं सपाट ठेवायचे, वरून बघितलं की मधे गोल खिडकी दिसते, पैलूही थोडे वाकडेतिकडे. सात-सात खडे, मागून उघडं कोंदण. चौदातले तेरा नैसर्गिक हिरे. एक अमेरिकन डायमंड निघाला, डाव्या कुडीतला खालचा, चकाकी जरा जास्त आणि कडा झिजलेल्या.

मी सांगायला कचरत होते. त्याच म्हणाल्या, "खालचा ना? पडला होता तो, आमचं नवीन लग्न होतं, चार महिने ह्यांचा पगार झाला नव्हता. बसवून आणला आणि हिराच आहे म्हणाले."

मुलगा म्हणाला, आई, आपण तिथे खरा बसवून घेऊ. राहू दे, म्हणाल्या, आणि कुडी कानात घालून फिरकी फिरवायला लागल्या.