आकार अडला कुठे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वीसेक वर्षं गाणारे एक दादा वडशाहून आमच्या नागपूरच्या ओपीडीत आले. हातात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: स्वरतंतू व्यवस्थित. दादांना ते पटलेलं नव्हतं. "गळाच बसला जी. काळी चारवरून काळी दोनवर आलो, तरी आवाज सुटत नाई." सुराची पट्टी उतरवून दोन हंगाम ढकलले. तिसऱ्या हंगामात गाणी दुसऱ्याकडे गेली आणि यांना पेटीवर बसवलं.

मी तोंड उघडायला सांगितलं. आपलीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. त्यांचं दुसरंच अडलं. पुढच्या दातांमधलं अंतर भरलं १९ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण ३५ ते ४५ असतं. गाल फुगेनात. आतून बोट फिरवलं तर उभ्या ताठ दोऱ्या हाताला लागल्या. टाळू पांढरट, पडजीभ आक्रसून कळीएवढी. हा सबम्यूकस फायब्रोसिस, तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड आवळत जाण्याचा आजार.

मग 'आ' लावायला सांगितला आणि सूर चालू असतानाच त्यांचं नाक चिमटीत धरलं. आवाज एकदम कोंडला. मोकळ्या आकारात असं होत नाही, कारण मऊ टाळू मागे उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. इथे टाळूच ताठ. थोडा आवाज नाकातून निसटतो, उरलेला दातांमागे दबतो. पट्टी उतरवून त्यात काय फरक पडणार! दोन हंगाम उगाच खाली गायले.

रात्रभराचं नाटक, जागरण, म्हणून खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी. दिवसाला आठ-दहा पुड्या. मध्यंतरी सहा महिने तंबाखू सोडून नुसती गोड सुपारी चघळली, ते व्यसन सुटलं असं समजून. ही चूक आम्हाला फार दिसते. तोंड आवळतं ते सुपारीनेच. तिच्यातलं अरेकोलीन पेशींना कोलॅजनचे जास्तीचे धागे बनवायला लावतं, आणि तिच्यातलं तांबं त्या धाग्यांची वीण घट्ट करणाऱ्या एन्झाइमला बळ देतं. एकदा पडलेली ही वीण सुपारी सोडल्यावरही आपोआप उसवत नाही.

"सारेच खातेत जी, मलेच कसं?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

या आजारातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आधी बायोप्सी. तिच्यात तसं काही निघालं नाही, तरी तपासणी आता जन्मभर. मग दोऱ्यांमध्ये स्टेरॉइड आणि त्या सैल व्हायला मदत करणाऱ्या हायलुरोनिडेजची इंजेक्शनं, आणि घरी आइस्क्रीमच्या काड्या. दाढांमध्ये सहा काड्यांची थप्पी, दिवसातून पाच वेळा. सहज बसायला लागली की एक वाढवायची. जोर करून दोन घुसवल्या की आतली त्वचा फाटते आणि भरताना आणखी आवळते. खर्रा सोडवायला निकोटीनचं च्युइंग गम द्यायची सोय नव्हती. तोंड झोंबायचं, चावणंही जमेना. दंडावर निकोटीनची पट्टी लावली.

चार महिन्यांनी आठ काड्या, २५ मिलिमीटर. आवाजातला नाकाचा भाग मात्र फारसा हलला नाही. लांब ताना गेल्या त्या गेल्याच. पण सूर पुन्हा काळी चारला नेला होता आणि नांदी मागून घेतली होती.

पुढची तारीख दिली तर म्हणाले, "त्या दिवशी बैलांचा शंकरपट हाय, रातच्याला नाटक. दुसऱ्या दिवशी आलो तं चालते का?"

चालते म्हटलं. रबरबँड लावलेल्या काड्या त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकल्या, पूर्वी पुडी ठेवायचे त्याच.