‘कीप द फायर लो’: डेमोची चौथी आवृत्ती आणि पाच जणांचे कान

मागच्या नोंदीत ‘कीप द फायर लो’ हे माझे कंट्री गाणे पूर्ण झाल्याचे मी लिहिले होते. त्यानंतरच्या सात आठवड्यांत ते तीन वेळा मोडून पुन्हा बांधावे लागले, आणि आज जी चौथी आवृत्ती माझ्या हाती आहे तिच्यात कोरसच्या (धृपदाच्या) चार ओळींच्या शब्दांखेरीज पहिल्या आवृत्तीतले फारसे काही उरलेले नाही. पब्लिशरसमोर, म्हणजे गाणी गायकांपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रकाशकासमोर, गाणे ठेवण्याआधी ते गाणी लिहिणाऱ्या इतरांना ऐकवायचे, हे मी या वेळी प्रथमच नीट ठरवून केले. त्यातून काय हाती लागले, ते सविस्तर लिहीत आहे.

गाण्याचा विषय आधी सांगते, कारण पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलहून 41 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला गेले की रॉबर्टसन काउंटी लागते. तेथे ‘डार्क फायर्ड’ प्रकारचा तंबाखू पिकतो. पाने बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या लाकडी कोठारात, उंचावर टांगतात, खाली मातीच्या जमिनीवर लाकडाचे ओंडके व त्यांवर ओला भुसा रचतात, आणि तो ढीग कित्येक दिवस नुसता धुमसत ठेवतात. शरद ऋतूत बार्नच्या फळ्यांच्या फटींतून निळसर धूर बाहेर येत असतो. ज्वाला वर उठली तर पाने आणि बार्न दोन्ही जातील, म्हणून आग खालीच राहिली पाहिजे. गाण्याचे शीर्षक तेथून आले. माझे आजोळ निपाणीचे. तिकडचा विडीचा तंबाखू उन्हात वाळवलेला असतो, त्याला धूर लागत नाही, तरीही पहिल्यांदा त्या बार्नजवळ गाडी थांबवली तेव्हा आजोबांच्या वखारीची आठवण इतकी तीव्रतेने झाली की त्याच रात्री कोरस लिहून झाला. गाण्यात एक म्हातारा शेतकरी आहे, त्याची पत्नी नुकतीच गेली आहे, आणि दुःखाच्या बाबतीतही तो तेच करतो जे आयुष्यभर आगीच्या बाबतीत करत आला.

पहिली आवृत्ती म्हणजे फोनवर ध्वनिमुद्रित केलेली साधी वर्क टेप होती: एक गिटार आणि माझा आवाज. पूर्ण वाद्यवृंदाचा डेमो करून मगच लोकांना ऐकवावा असा मोह मलाही झाला होता, पण हिशेब मांडल्यावर तो ओसरला. मला मिळालेले दरपत्रक 950 डॉलरांचे होते. अमेरिकेत सीडी किंवा डाउनलोडवर एका गाण्यामागे मिळणारा कायदेशीर दर 2025 साली 12.7 सेंट होता, आणि नेहमीच्या करारानुसार त्यातला अर्धा पब्लिशरकडे जातो. म्हणजे केवळ या मार्गाने एवढा खर्च भरून काढायचा तर सुमारे 15,000 प्रती विकल्या जायला हव्यात, तेही मुळात कोणा गायकाने गाणे घेतले तर. ज्या गाण्याचे दुसरे कडवे चुकलेले आहे त्यावर पेडल स्टीलसारखे वाद्य चढवण्यात अर्थ नव्हता.

ऐकणारे पाच जण मला नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल या 1967 पासून चालत आलेल्या संस्थेच्या बैठकांतून मिळाले. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक परिचारिका आहे, एक ट्रक दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, आणि दोघे माझ्यासारखे संगणकावर काम करणारे. आम्ही दर दुसऱ्या रविवारी शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात जमतो. तेथील पद्धत मला फार मोलाची वाटते. गाणे एकदाच वाजते, शब्दांचा कागद कोणाच्याही हातात नसतो, आणि वाजून झाल्यावर प्रत्येकाने कोणाशीही न बोलता दोन गोष्टी लिहायच्या: गाण्याचे शीर्षक काय असावे, आणि आपले लक्ष कोठे सुटले. ‘आवडले का’ हा प्रश्न विचारायला मनाई आहे. माझ्या पहिल्या फेरीत पाचांपैकी दोघांनीच शीर्षक बरोबर लिहिले, आणि लक्ष सुटल्याची जागा मात्र चौघांनी एकच सांगितली: दुसऱ्या कडव्याची सुरुवात.

त्याचे कारण मला कधीच एकटीने सापडले नसते. पहिल्या कडव्यात मी ‘द बार्न वॉज बर्निंग’ असे लिहिले होते. माझ्या मनात धुमसणारा भुसा होता, परंतु ऐकणाऱ्यांच्या मनात बार्नला लागलेली आग होती, आणि दुसऱ्या कडव्यात म्हातारा शांतपणे खुर्चीवर बसलेला दिसताच त्यांना काही कळेनासे झाले. परिचारिका म्हणाली की ती पूर्ण कडवेभर अग्निशमन दलाच्या गाडीची वाट पाहत होती. ट्रकवाले गृहस्थ त्याच काउंटीत वाढलेले; त्यांनी सांगितले की तिकडे कोणीही बार्न ‘बर्न’ करत नाही, बार्न ‘फायर’ करतात. एका क्रियापदाने माझा शेतकरी परका ठरत होता. ते बदलल्यावर पहिल्या ओळीत भुसा आणला, दुसरीत फटींतून येणारा धूर, आणि ‘लो’ हा शब्द कोरसपूर्वीच एकदा कानावर पडेल अशी व्यवस्था केली.

दुसरी सूचना मात्र अशी होती की ती मराठीतून इंग्रजी गीतलेखनाकडे आलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. माझ्या चालीत ‘सप्टेंबर’ हा शब्द होता आणि त्यातील ‘सप्’ मी समेवर ठेवला होता. मराठी वृत्तांवर वाढलेल्या माझ्या कानाला त्यात काही खटकले नाही, कारण आपण लघू-गुरू मोजतो, अक्षराचा काळ मोजतो, आणि दीर्घ अक्षराला जागा मिळाली की ओळ बसली असे समजतो. इंग्रजी शब्द ओळखला जातो तो त्यातील आघातावरून. बोलताना ‘सप्टेंबर’मधला आघात ‘टेम्’वर असतो, तो समेवरून हलला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला क्षणभर वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढची ओळ निघून जाते. दोघांनी तो शब्द चक्क दुसराच ऐकला होता. शिक्षिकेने उपाय सुचवला तो अगदी साधा होता: ओळ न गाता आधी शेजाऱ्याला सांगावी तशी बोलून पाहायची, जेथे आवाज आपोआप दाबला जातो तेथे पेन्सिलीने खूण करायची, आणि त्या खुणा समेवर किंवा तिसऱ्या ठोक्यावर येतात का ते तपासायचे. या कसोटीवर माझ्या पहिल्या कडव्यातल्या आठ ओळींपैकी तीन नापास झाल्या. आता ‘सप्’ हे अक्षर समेच्या आधी उचलीसारखे येते आणि ‘टेम्’ समेवर पडते.

शीर्षकाचेही तेच झाले होते. ‘फायर’ हा शब्द मी ‘फा-य-र’ असा तीन स्वरांवर पसरून गात होते. टेनेसीच्या बोलीत तो जवळजवळ एकाच अक्षरात उरकतो. शब्द पसरल्यामुळे शीर्षकाची ओळ विरघळून जात होती आणि तिघांनी ती ओळखली नाही, यात नवल नव्हते. आता ‘कीप’, ‘फायर’ आणि ‘लो’ यांना एकेक लांब स्वर दिला आहे आणि ‘लो’ हा कोरसमधला सर्वांत खालचा स्वर केला आहे. अर्थ खाली जातो तेथे चालही खाली जावी, ही सूचना माझीच होती आणि ती सर्वांना पटली, याचा मला मनापासून आनंद झाला.

लांबीबाबत फार सांगण्यासारखे नाही. गाण्याची गती मिनिटाला 76 ठोके आहे, आठ बारांचा (एक बार म्हणजे चार ठोके) आरंभीचा गिटारचा तुकडा आणि सोळा बारांचे कडवे धरून कोरस 1 मिनिट 16 सेकंदांनी येत होता. तुकडा दोन बारांवर आणल्यावर तो 57 सेकंदांनी येतो. पब्लिशर अनेकदा एक कडवे आणि एक कोरस ऐकून थांबवतात, तेव्हा हे 19 सेकंद वाचवणे आवश्यकच होते.

सर्वांत अवघड बदल निवेदकाचा होता. माझे गाणे म्हाताऱ्याच्या तोंडी होते. संगणकवाल्यांपैकी एकाने विचारले की हे गाणे कोणता गायक गाईल. मी निरुत्तर झाले. पिच करायचे, म्हणजे दुसऱ्या गायकांना सुचवायचे, गाणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर बसणारा अंगरखा असतो. रंगमंचावर उभा राहून ‘मी’ म्हणताना गायकाला संकोच वाटता कामा नये, आणि तिशीतल्या गायकाला सत्तरीतल्या विधुराचा ‘मी’ पेलणे कठीण. दोन आठवडे मी या सूचनेशी भांडले, कारण म्हाताऱ्याचा आवाज मला प्रिय होता. अखेरीस निवेदक नातू झाला. तो आजीच्या अंत्यविधीनंतरच्या रात्री आजोबांबरोबर बार्नमध्ये जागतो, आणि लहानपणी ऐकलेले ‘कीप द फायर लो’ हे आजोबांचे वाक्य शेवटच्या कडव्यात प्रथमच त्याला वेगळ्या अर्थाने ऐकू येते. आधीच्या आवृत्तीत शेवटच्या कोरसला नवा अर्थ येतच नव्हता; आता शब्द न बदलता तो येतो. भांडण मी हरले आणि गाणे सुधारले.

प्रत्येक सूचना मात्र स्वीकारली नाही. ब्रिज, म्हणजे शेवटाकडे येणारा वेगळ्या चालीचा छोटा तुकडा, पूर्ण काढावा असे दोघांचे मत होते, तिघांना तो हवा होता. मी तो चार ओळींवरून दोन ओळींवर आणला, कारण पहाटे धूर बसतो ती जागा गेली असती तर रात्र संपल्याचे कोठेच कळले नसते. तंबाखूऐवजी मका किंवा गवत घ्यावे, म्हणजे कोणाला आक्षेप राहणार नाही, ही सूचना मी आभार मानून बाजूला ठेवली. मका धुरावर ठेवत नाहीत आणि धुराशिवाय हे गाणेच नाही.

एक व्यावहारिक बाब. ट्रकवाल्या गृहस्थांनी दुसऱ्या कडव्यासाठी एक पूर्ण ओळ सुचवली आणि ती इतकी नेमकी होती की ती नाकारणे शक्य नव्हते. नॅशव्हिलमध्ये एकत्र बसून गाणे लिहिले तर सहसा सर्वांचा वाटा समान धरतात, परंतु प्रतिक्रियेच्या बैठकीत आलेल्या ओळीचे काय, हे आधी ठरलेले नसले तर पुढे मैत्रीत मिठाचा खडा पडतो. मी त्यांना तेथेच, सर्वांसमोर विचारले. त्यांनी वाटा नको म्हणून सांगितले, आणि मी ते त्याच रात्री त्यांना लिहून पाठवून त्यांचा होकार घेऊन ठेवला.

चौथ्या आवृत्तीच्या फेरीत पाचही जणांनी शीर्षक बरोबर लिहिले आणि लक्ष सुटल्याची जागा फक्त एकाने नोंदवली, ब्रिजनंतरची. तेवढ्यावर मी गिटार आणि आवाज एवढाच डेमो करण्याचे ठरवले आहे. नातू गाणार असल्याने पुरुष गायक घेतला आहे. माझी वर्क टेप ‘सी’ पट्टीत होती, गायकाला ‘जी’ पट्टी सोयीची पडते, पण येथे कॉर्ड पट्टीतल्या स्वराच्या क्रमांकाने, आकड्यांत लिहितात, 1, 4, 5 आणि मायनरसाठी 6 पुढे आडवी रेघ, त्यामुळे कागदावर सुरुवातीच्या एका अक्षरापलीकडे काही बदलावे लागले नाही. आपल्याकडे सा कोठेही धरला तरी सरगम तीच राहते, त्यातलाच हा प्रकार असल्यामुळे तो मला पहिल्याच दिवशी समजला होता.

अपरिचितांकडून आलेली गाणी बहुतेक पब्लिशर उघडतही नाहीत, म्हणून संस्थेमार्फत मिळणाऱ्या भेटीसाठी नाव दिले आहे. गायक येत्या गुरुवारी संध्याकाळी येणार आहे. त्याच्याकडे आकड्यांचा कागद आणि आघातांच्या खुणा केलेले शब्द पोहोचले आहेत, आणि ‘फायर’ एकाच स्वरावर गायचा आहे असे त्यावर लाल शाईने लिहिले आहे. ध्वनिमुद्रण झाले की ते प्रथम शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात, शब्दांच्या कागदाविना, एकदाच वाजेल.