तुम्ही विचारलंत म्हणून: रिझल्ट नक्की कधी दिसतो?

मी कॉस्मेटिक सर्जरीच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "रिझल्ट कधी दिसतो हो? आणि फोटोत दाखवतात तसा खरंच येतो का?" नातेवाईक विचारतात, मैत्रिणी विचारतात, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईनेसुद्धा विचारलंय. दर वेळी अर्धंमुर्धं सांगून होतं म्हणून आज सगळं एकत्र लिहितेय.

आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. प्रोसिजर डॉक्टर करतात, माझ्याकडे येतं ते नंतरचं सगळं, ड्रेसिंग, टाके, फॉलोअप आणि रात्री येणारे "सिस्टर, एवढी सूज नॉर्मल आहे का" असे फोन. लोक मशीनचं नाव, इंजेक्शनचा ब्रँड वगैरे सगळं वाचून येतात, पण मधल्या काळाबद्दल कुणाला काही माहीत नसतं, आणि पेशंट नाराज होतात ती बऱ्याचदा चुकीच्या दिवशी आरशात बघून. प्रत्येक प्रोसिजरचा आपापला वेळ असतो, तो माहीत असला की निम्मी धाकधूक कमी होते.

बोटॉक्सपासून, म्हणजे आठ्या कमी करायच्या इंजेक्शनपासून, सुरू करू कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. बोटॉक्स केलं त्या दिवशी काहीच दिसत नाही, सुईचे बारीक लाल ठिपके सोडले तर. नसेकडून स्नायूला आकुंचन पावायचा निरोप जातो तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनातून, बोटॉक्स ते रसायन सुटूच देत नाही, पण हे व्हायला वेळ लागतो. तीन-चार दिवसांनी कपाळ जरा जड, जरा शांत वाटायला लागतं आणि पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून दुसऱ्या दिवशी "काहीच झालं नाही, पैसे वाया गेले" म्हणून फोन करू नका आणि चौथ्या दिवशी "एक भुवई वर दिसतेय" म्हणून टचअप मागू नका, दोन आठवडे थांबा, मग डॉक्टर बघतील. परिणाम टिकतो तीन-चार महिने, नंतर स्नायू हळूहळू पुन्हा हलायला लागतो. म्हणजे आवडलं तर पुन्हा करावं लागणार आणि नाही आवडलं तर ते आपोआप जाणार. क्वचित पापणी थोडी खाली येते, घाबरायला होतं, पण तीही काही आठवड्यांत सुधारते, मात्र डॉक्टरांना दाखवायचंच. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर ते आधीच सांगायचं.

गंमत म्हणजे हे औषध आलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी. कॅनडातल्या डॉक्टर जीन कॅरुदर्स डोळ्यांच्या आणि त्यांचे पती अॅलिस्टर त्वचेचे डॉक्टर, पापण्यांच्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्या कमी होतायत हे जीनबाईंच्या १९८७ च्या सुमारास लक्षात आलं आणि दोघांनी १९९२ मध्ये त्यावर पेपर छापला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी आली २००२ मध्ये. हे एवढ्यासाठी सांगितलं की बोटॉक्स स्नायूवर काम करतं, कातडीवर नाही. हसल्यावर किंवा कपाळाला आठ्या घातल्यावर ज्या रेषा उमटतात त्या कमी होतात, चेहरा अगदी स्वस्थ असतानाही ज्या खोल कोरलेल्या दिसतात त्या फार तर थोड्या उथळ होतील. बऱ्याच पेशंटना हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

फिलरचं, म्हणजे ओठ किंवा चेहऱ्याचा एखादा भाग भरीव करायला टोचतात त्या इंजेक्शनचं, बरोबर उलटं आहे. तिथे खुर्चीतून उठल्याउठल्या रिझल्ट दिसतो आणि तोच फसवा असतो कारण त्यात सूज मिसळलेली असते. ओठांना फिलर केलं की पहिले दोन-तीन दिवस ओठ इतके सुजतात की पेशंट मास्क लावून येतात, "हे मी काय करून घेतलं" म्हणत. दोन आठवड्यांनी खरा आकार दिसतो. आणि इथे दुसऱ्या टोकाचेही लोक असतात, त्यांना ती सूजच आवडते, मग सूज उतरली की म्हणतात फिलर विरघळलं, अजून घाला. विरघळलेलं नसतं हो. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर जागेनुसार आणि प्रकारानुसार साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं.

आता जरा नीट वाचा कारण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनी दाबली गेली तर त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासातासाला महत्त्व असतं. खुणा अशा की दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, कातडी पांढरीफटक पडते किंवा जाळीसारखे जांभळट डाग उठतात, डोळ्यांना अंधुक दिसतं. यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, बर्फ लावून झोपायचं नाही, ताबडतोब फोन आणि ताबडतोब जायचं. नाक आणि भुवयांच्या मधली जागा जास्त धोक्याची, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात आणि दृष्टी गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन ते विरघळवता येतं, बाकीच्या काही फिलरना मात्र असा उतारा नाही. म्हणून करायच्या आधी दोन प्रश्न विचाराच, सिरिंजमध्ये नक्की काय आहे, आणि हायल्युरॉनिडेज आत्ता इथे क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का. हे विचारल्यावर समोरचा चिडला तर उठून या, मी गंमत करत नाहीये. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी "ताई करते, स्वस्तात करते" असं असेल तर प्रश्न विचारत बसू नका, सरळ परत फिरा.

लेझर हेअर रिडक्शनबद्दल थोडक्यात. लेझर केसातला काळा रंग पकडतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही, कितीही सीटिंग घ्या. आणि केस वाढीच्या अवस्थेत असेल तेव्हाच मूळ नीट जळतं, सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा-आठ सीटिंग लागतात. आधी शेव्हिंग चालतं पण वॅक्सिंग, प्लकिंग नाही, मूळच उपटलं तर लेझर कशाला पकडणार. केस कमी होतात, बारीक होतात, पण एकही केस परत येणार नाही असं कुणी लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नका. हनुवटीवरचे केस पीसीओएसमुळे (बायकांमधल्या हार्मोनच्या बिघाडामुळे) असतील तर हार्मोनचा इलाज सोबत चालू हवा, नाहीतर नवे येतच राहतात. सावळ्या त्वचेसाठी कुठला लेझर वापरता हेही विचारा, एनडी-याग त्यासाठी जास्त सुरक्षित धरतात.

केमिकल पीलला, म्हणजे औषध लावून कातडीचा वरचा थर काढतात त्याला, एवढंच की साल निघते तेव्हा ती ओढायची नाही आणि उन्हात फिरायचं असेल तर पील करायचंच नाही. सावळ्या, गव्हाळ त्वचेला कसलीही इजा झाली की ती काळा डाग ठेवून जाते, जो डाग घालवायला आलात त्याच्यापेक्षा गडद. सनस्क्रीनचा कंटाळा असलेल्यांनी हा नाद सोडावा.

आता हेअर ट्रान्सप्लांट. पुरुष मंडळी इतक्या धीराने तास न् तास पालथी पडून राहतात आणि तीन आठवड्यांनी रडवेल्या आवाजात फोन करतात, कारण लावलेले केस गळायला लागतात. हो, गळतात. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बहुतेक लावलेले केस गळून पडतात, मूळ आत शाबूत असतं, केसाची काडी तेवढी जाते. हे आधी दहादा सांगितलं तरी उशीवर केस बघितल्यावर कुणालाच काही आठवत नाही. मग तीन-चार महिन्यांनी बारीक, कुरळट केस यायला लागतात, सहा महिन्यांनी लोकांच्या लक्षात येतं, आणि खरा रिझल्ट बघायचा तो वर्षाने, डोक्याच्या मागच्या भोवऱ्यात तर कधी दीड वर्षही लागतं. म्हणजे पेरून शेत मोकळं दिसतं तसे मधले दोन-तीन महिने डोकं आधीपेक्षाही विरळ दिसू शकतं.

मागच्या भागातले केस पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत म्हणून ते टिकतात, न्यूयॉर्कच्या डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावरच उभं आहे. पण तुमचे जे मूळचे केस पुढे उरलेत त्यांना हा नियम लागू नाही, ते गळत राहणार. पंचविशीतल्या मुलाने हट्टाने खाली आणलेली हेअरलाइन चाळिशीत कपाळावर एकटीच उभी दिसते, मागे सगळं मोकळं. म्हणून डॉक्टर औषधं चालू ठेवायला सांगतात आणि कमी वयाच्या मुलांना थांब म्हणतात. डोनर एरियातले, म्हणजे जिथून केस काढतात त्या मागच्या भागातले, केसही मोजकेच असतात, एकदा काढले की तिथे परत येत नाहीत.

लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन) वजन कमी करायला नसतं हे मी इतक्यांदा बोललेय की आता झोपेतही बोलत असेन. व्यायाम करूनही एखाद्या जागची चरबी हटत नाही, तिथला आकार सुधारायला ते असतं. पहिल्या काही दिवसांत काटा उलट वर जाऊ शकतो, कारण ऑपरेशनच्या वेळी आत सोडलेलं पाणी आणि सूज. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगाला घट्ट दाबून बसणारा कपडा, काही आठवडे घालावं लागतं, घामाने, खाजेने जीव जातो पण घालावं लागतं. सूज तीन ते सहा महिने हळूहळू उतरते. काढलेल्या चरबीच्या पेशी परत येत नाहीत पण उरलेल्या पेशी फुगू शकतात. आणि कातडी सैल असेल तर चरबी काढल्यावर ती आणखी लोंबते, तिथे लायपो नाही, कातडी काढायचं ऑपरेशन लागतं.

नाकाचं ऑपरेशन असेल तर धीर सगळ्यात जास्त लागतो. आठवड्याने स्प्लिंट (नाकावरचा कडक आधार) निघतं तेव्हा पेशंटला आरसा द्यायला माझा हात धजावत नाही, कारण डोळ्यांखाली काळंनिळं, नाक सुजलेलं, शेंडा वर उचललेला. काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं, सूज पुष्कळशी दोन-तीन महिन्यांत, पण शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, जाड कातडी असेल तर त्याहून जास्त. दुरुस्तीचं ऑपरेशनही म्हणूनच वर्षाच्या आत सहसा करत नाहीत. एक मात्र आवर्जून सांगते, सेल्फी बघून नाकाचा निर्णय घेऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं होतं की एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे जे नाक कापायला निघालात ते फोनमध्येच मोठं आहे, चेहऱ्यावर नाही.

टाके आले की व्रण आला. व्रण न ठेवणारं ऑपरेशन नसतं, तो कुठे लपवायचा एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. पहिले काही महिने तो लाल, कडक होतो आणि आधीपेक्षा वाईट दिसतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. घरात कुणाला केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा जाड व्रण, येत असेल तर आधी सांगा. सिगरेट ओढत असाल तर तेही खरं सांगा, निकोटिनमुळे कातडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, कडेची कातडी काळी पडून मरू शकते, म्हणून आधी आणि नंतर चार-चार आठवडे बंद. लपवून ओढणारे ड्रेसिंगच्या वेळी कळतातच.

राहिला फोटोंचा प्रश्न. आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली, चेहरा पडलेला, नंतरचा खिडकीजवळ, हलकं हसू आणि लिपस्टिक, हे तर तुम्हालाही कळतं. पण आणखी एक विचारत जा, हा "आफ्टर" नक्की किती महिन्यांनंतरचा आहे? आणि माझ्यासारखी त्वचा, माझ्यासारखं वय असलेल्यांचे फोटो आहेत का? सगळे नट्यांसारखेच दिसत असतील तर तो अल्बम बाजूला ठेवा.

आणि काही लोकांना रिझल्ट कधीच दिसत नाही. खरंच. दुसऱ्या कुणाला दिसतही नाही अशा एखाद्या दोषात मन तासन् तास अडकलेलं असतं, याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि तिथे ऑपरेशन चांगलं झालं तरी मन दुसरा दोष शोधतं. अशांना डॉक्टर नाही म्हणतात आणि मानसोपचाराला पाठवतात तेव्हा लोकांना अपमान वाटतो. मला उलट नाही म्हणू शकणारा डॉक्टर जास्त भरवशाचा वाटतो.

तर "लग्न पंधरा दिवसांवर आहे, काय करता येईल" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, पंधरा दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा काहीही करू नका. बोटॉक्स निदान महिनाभर आधी, म्हणजे टचअपला वेळ राहतो. फिलरही तसंच. लेझर सुरू करायचा तर आठ-दहा महिने आधी. केस आणि नाक असेल तर पुढच्या वर्षीच्या लग्नाचं बोला.