खडा निघाला, पण स्टेंट आतच

दुर्बिणीतून मुतखडा काढला की रुग्ण दोन-तीन दिवसांत चालत घरी जातो. एक्स-रे स्वच्छ दिसला की कागदावर ‘यशस्वी’ अशी नोंद होते. ही नोंद मला घाईची वाटते. डीजे स्टेंट पोटात आहे तोवर ऑपरेशन संपलेलं नसतं.

स्टेंट म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेनची मऊ नळी. जाडी साधारण ६ फ्रेंच, म्हणजे २ मिलिमीटर. मोठ्या माणसात लांबी २४ ते २६ सेंटिमीटर. एक वेटोळं मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. सूज असताना लघवी तुंबू नये म्हणून ती ठेवतात, आणि तिचं काम बहुधा दोन ते चार आठवड्यांत होतं. पुढे नळीवर क्षार चढत जातात. मुळात खडे होणाऱ्या माणसात आणि जंतुसंसर्ग असला तर हे लवकर होतं. तीन महिने ही शेवटची मर्यादा धरावी.

सुरुवातीला जळजळ होते, वारंवार लघवी लागते, लघवी करताना कुशीत कळ येते. मग माणसाला सवय होते आणि ‘आता दुखत नाही, कशाला जायचं?’ असं घरात ठरतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेली टोळी कित्येक महिने परतत नाही. म्हणून डिस्चार्ज देतानाच ‘टोळी कधी निघणार?’ हे विचारून त्याआधीची तारीख द्यावी.

वेळेवर आलेल्याचा स्टेंट ओपीडीतच निघतो. मूत्रमार्गात २ टक्के लिग्नोकेन जेल घालून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग दुर्बिणीतून चिमट्याने नळी धरून अलगद ओढायची. उशीर झाला असेल तर आधी केयूबी, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा एक्स-रे काढायचाच. वरच्या वेटोळ्यावर खडा धरलेला असताना जोर लावला, तर नळी तुटते किंवा मूत्रवाहिनीच फाटते. मग खालचा खडा मूत्राशयात फोडा, मधला यूआरएसने (मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून), वरचा पीसीएनएलने (पाठीतून मूत्रपिंडात छिद्र पाडून). जिथे पाच मिनिटांचं काम होतं, तिथे गरीब घरावर पुन्हा भूल, पुन्हा खर्च, आणि कधी मूत्रपिंडही जातं.

ऑपरेशन थिएटरमध्ये स्टेंटची वेगळी वही हवी. तीत ठेवल्याची तारीख, काढायची तारीख, बाजू आणि दोन फोन नंबर. त्यातला एक गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा. दर आठवड्याला एकाने ती वही उघडून फोन लावायचे. दोन्ही बाजूंना स्टेंट असतील तर ‘दोन’ हे अक्षरात आणि ठळक लिहावं, कारण एक काढून दुसरा राहून जातो. डिस्चार्ज कार्डावर ‘नळी आत आहे’ हे मराठीत हवं.

आणि यूआरएस सरळ पार पडली, खडा पूर्ण निघाला, इजा नाही, सूज नाही, दुसरं मूत्रपिंड ठीक आहे, तर सवयीने स्टेंट घालूच नये. फारच शंका वाटली, तर साधा युरेटेरिक कॅथेटर (मूत्रवाहिनीतली तात्पुरती नळी) फोलीला (मूत्राशयातल्या लघवीच्या नळीला) बांधून रात्रभर ठेवावा आणि सकाळी दोन्ही काढून मगच घरी सोडावं.