तुम्ही विचारलंत म्हणून: घरात लाइटखाली झाडं लावायची तर सुरुवात कशी करू?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून नीट लिहिते. प्रश्न साधारण असा असतो की खोलीत ऊन येत नाही, एक कोपरा मोकळा आहे, ग्रो लाइट लावून काहीतरी उगवायचंय, आधी कधी केलेलं नाही, तर कोणता टेंट (झाडांभोवती उभा करायचा बंद कापडी तंबू) घेऊ, कोणता लाइट, खतं कोणती? आणि मी दर वेळी उलट विचारते की लावायचंय काय? बहुतेकांनी तेच ठरवलेलं नसतं. सामानाची यादी तयार असते, रोप ठरायचं असतं. माझं म्हणणं एवढंच की आधी एक रोप ठरवा, कारण लाइट किती, किती तास, जागा किती, कुंडी केवढी हे सगळं त्या रोपावरून ठरतं आणि यादी आपोआप निम्मी होते.

नेटवर घरात लाइटखाली झाडं वाढवायचे जे तक्ते फिरतात, एवढ्या जागेत एवढे वॅट, १२ तास लाइट १२ तास अंधार, एवढा पंखा, कार्बन फिल्टर, त्यातले बरेचसे गांजाच्या लागवडीतून आलेत. ते झाड घरी लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, त्याबद्दल मला विचारू नका, मी त्यात मदत करणार नाही. पण मुद्दा असा की तो तक्ता बघून तुम्ही लेट्यूससाठी सामान घेतलंत तर भरमसाठ पैसे जातील आणि वर पानं करपतील ती वेगळीच. भरपूर प्रकाश खाणाऱ्या झाडाचा हिशोब पालेभाजीला लागू होत नाही.

आता लाइट, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे कारण नव्या माणसाचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. झाडाला एका क्षणी किती प्रकाश मिळतोय ते पीपीएफडीमध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाश पडतो, आणि दिवसभराचा एकूण प्रकाश म्हणजे डीएलआय, तो मोलमध्ये. मोल हे प्रकाशाचे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. झाडाला फरक पडतो तो मुख्यतः ह्या दिवसभराच्या बेरजेने. लेट्यूस, बेसिल असल्या पानांच्या रोपांना दिवसाला साधारण १२ ते १७ मोल पुरतात, मिरची टोमॅटोला फळ धरायचं असेल तर २० ते ३०. गणित सोपं आहे, पीपीएफडी गुणिले ३६०० गुणिले तास, आणि आलेल्या आकड्याला दहा लाखांनी भागायचं. २५० चा प्रकाश १६ तास दिला तर १४.४ मोल होतात, लेट्यूस खूश. मिरचीला तेवढ्याच तासांत ४५० च्या आसपास द्यावा लागतो, तेव्हा कुठे २६ च्या जवळ जातं.

ह्यावरून वॅट काढता येतात. समजा जागा ६० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटर आहे, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. चांगला एलइडी एका वॅटमागे सेकंदाला अडीच मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश देतो. लेट्यूससाठी हिशोबाने ३६ वॅट येतात, थोडा प्रकाश बाजूला वाया जातो म्हणून ४५-५० धरा, मिरचीसाठी ८० ते १००. हे वॅट म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून खरोखर ओढले जाणारे वॅट. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलेलं असतं आणि मागच्या बारीक अक्षरात पॉवर ड्रॉ १०० वॅट सापडतो, तोच खरा. विजेचंही बघून घ्या, ५० वॅटचा लाइट १६ तास चालला तर रोज ०.८ युनिट, १०० वॅटचा १.६.

ल्युमेन बघून लाइट घेऊ नका. ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठी असतं, आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो म्हणून तो आकडा तिकडे झुकलेला असतो. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींमधलं, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचं, जवळपास सगळंच वापरतं, हिरवा प्रकाशसुद्धा, हे मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच पिकांच्या पानांवर मोजून दाखवलंय. त्यामुळे नुसत्या लाल-निळ्या एलइडीचा जांभळाच लाइट हवा असा हट्ट करायचं कारण नाही. मी पांढराच घ्या म्हणते, आणि त्याचं मोठं कारण असं की जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवंच आहे ते तुम्हाला दिसतच नाही. नवीन माणसाला झाड वाचता येणं सगळ्यात गरजेचं.

मोजायचं कसं, तर महागडा मीटर लगेच घ्यायची गरज नाही. फोनवरचं लक्स मीटरचं अॅप घ्या, फोन पानांच्या उंचीवर आडवा धरा, पांढऱ्या एलइडीखाली आलेल्या लक्सला साधारण ७० ने भागा, ढोबळ पीपीएफडी मिळतो. अंदाजच आहे हा, फोनाफोनात फरक पडतो, पण ५० आहे की २५० हे नक्की कळतं आणि सुरुवातीला तेवढंच कळायला हवं असतं. मधे आणि चारी कोपऱ्यांत मोजा, कोपऱ्यात निम्मासुद्धा भरत नाही कधीकधी, मग कुंड्या आठवड्यातून एकदा फिरवत राहायच्या.

लाइट कमी पडतोय हे रोपच सांगतं. बी उगवल्यावर दोन दलपत्रं येतात, त्यांच्या खालची दांडी लांबच लांब वाढते, बारीक, फिकट, आणि रोप एका अंगाला कलतं. लोक म्हणतात बघा किती भराभर वाढतंय! ते वाढत नाहीये, उजेड शोधतंय. लाइट खाली आणा किंवा रोप वर उचला. आणि उलट बाजूला, वरची पानं कडेने वर वळायला लागली, रंग उडाल्यासारखी फिकी पडली आणि खालची मात्र छान हिरवी आहेत, तर लाइट फार जवळ आलाय.

तास किती द्यायचे हेही रोपावरच. मिरचीला रात्र लहान-मोठी असल्याने फारसा फरक पडत नाही, लेट्यूसला १६ तास चालतात. पण पालक मोठ्या दिवसाचं झाड आहे, त्याला १६ तास दिलेत तर पानं सोडून सरळ फुलोऱ्यावर जातो, त्याला ११-१२ तासांवर ठेवा. झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखून फुलतात हे गार्नर आणि अॅलर्ड ह्यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं, तेव्हापासून लोक लाइटच्या तासांशी खेळतायत. आणि २४ तास लाइट ठेवू का असं विचारणाऱ्यांना, नको. टोमॅटोची तर पानंच खराब होतात सततच्या उजेडात. एक साधा टायमर लावा आणि विसरून जा, हाताने चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका, एक दिवस राहतंच.

टेंट लागतो का? पहिल्या खेपेला नाही. पांढऱ्या भिंतीचा कोपरा किंवा आतून पांढरा रंग दिलेलं कपाट पुष्कळ झालं, पांढरा मॅट रंग प्रकाश छान परत फेकतो. दार मात्र उघडं ठेवा, कारण लाइटचे सगळे वॅट शेवटी उष्णताच होतात आणि बंद कपाट तासाभरात तापतं.

छोटा पंखा मात्र पहिल्या दिवसापासून हवा, त्यात काटकसर नको. पानं जेमतेम हलतील एवढाच वारा. हलणाऱ्या रोपाची दांडी आखूड आणि जाड होते, मातीचा वरचा थर कोरडा राहतो म्हणून बुरशी कमी लागते, आणि लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात ना, ते बऱ्याचदा कॅल्शियम तिथपर्यंत न पोचल्यामुळे असतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि हवा हललीच नाही तर पानातून पाणी उडत नाही. लोक अशा वेळी खत वाढवतात, पंखा वाढवायला हवा असतो.

पाणी. घरातली रोपं तहानेने कमी आणि अति पाण्याने जास्त मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड मलूल दिसतं, ते बघून माणूस अजून पाणी घालतो. ह्याला दिवस ठरवून पाणी द्यायचंच नाही. कुंडी उचलून बघायची. पाणी घालून निथळल्यावर एकदा उचला, ते वजन हाताला लक्षात ठेवा, आणि ती चांगली हलकी झाल्याशिवाय परत पाणी नाही. द्याल तेव्हा भोकातून खाली येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोपं अगदी लहान असताना मातीच्या रेषेवरच दांडी चिमटल्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात, ती मर, ओलीमुळे येणारी बुरशी, पडलेलं रोप वाचत नाही, बाकीच्यांचं पाणी लगेच कमी करा.

माध्यम म्हणाल तर कुंडीसाठीचं तयार हलकं मिश्रण घ्या, त्यात परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे) मिसळा, थोडं गांडूळखत, झालं. नुसतं कोकोपीट घेतलंत तर त्यात अन्न जवळजवळ नसतं आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बसतं, म्हणजे पहिल्यापासून खताच्या पाण्याचा हिशोब सांभाळावा लागतो. पाण्यातली शेती तर अजून पुढची गोष्ट, तिथे पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५.५ ते ६.५ मध्ये रोज राखायचा असतो. मातीत चुका पोटात घातल्या जातात. खताचं म्हणाल तर दलपत्रांनंतरची खरी पानं आल्याशिवाय काही देऊ नका, आणि मग पाकिटावरच्या मापाच्या निम्म्याने सुरू करा.

चिलटं येतील, ओल्या मातीत येतातच. पिवळे चिकट कार्ड लावा, वरचा थर सुकू द्या, फारच झाली तर पाण्यातून बीटीआय, ते जिवाणू मातीतल्या अळ्या मारतात. आणि रोज एक पान उलटं करून खालून बघायची सवय लावा, लाल कोळी ही बारीक कीड खालच्या बाजूला असते, वरून नुसते बारीक फिके ठिपके दिसतात.

विजेचं एकच सांगते पण ते पाळाच. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, कुंड्यांच्या खाली तर नाहीच, आणि प्रत्येक वायर प्लगच्या आधी थोडी खाली लोंबू द्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

मग पहिलं रोप कोणतं? मी लेट्यूसच सांगते. बी वरच्यावर टाका, खोल पुरू नका, त्याला उगवायला उजेड लागतो, आणि खोली ३० अंशांच्या वर तापत असेल तर ते रुसून बसतं, गार जागेत उगवून घ्या. महिना-दीड महिन्यात बाहेरची पानं तोडता येतात आणि आतून नवी येत राहतात. मिरचीच हवी असेल तरी हरकत नाही, फक्त धीर धरा, बी उगवायलाच आठवडा-दोन आठवडे घेते आणि तिला ऊब लागते, २५ ते ३० अंश. फुलं आली की एक काम तुमच्याकडे असतं. घरात ना वाऱ्याचा झोत ना मधमाशी, म्हणून फुलाच्या देठाला दुपारच्या सुमाराला बोटाने हलकेच टिचकी मारायची, पराग तिथल्या तिथे पडतो आणि फळ धरतं. फुलं तरी गळतच राहिली तर आधी थर्मामीटर बघा, ३२-३३ अंशांच्या पुढे खोली गेली की मिरची फुलं टाकते, तेव्हा लाइटचे तास रात्रीकडे सरकवा म्हणजे दिवसाच्या उकाड्यात लाइटची उष्णता वर चढणार नाही.